प्रवाळ आधी की मोजमाप आधी?

काही दिवसांपूर्वी नववीतला एक विद्यार्थी बाटलीत पाणी घेऊन माझ्याकडे आला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याच्या वर्गाने १०० लिटरच्या काचेच्या टाकीत खारे पाणी भरून मृदू प्रवाळ ठेवले होते. "हे अगदी सोपे प्रवाळ, सहसा मरत नाहीत," असे विक्रेत्याने सांगितले होते. तीन आठवड्यांत ते आक्रसून गोळा झाले व कुजू लागले. "सर, आम्ही पाण्याची पातळी एक दिवसही खाली जाऊ दिली नाही," असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

नेमके तेथेच चुकले होते. टाकीतून रोज सुमारे एक लिटर पाण्याची वाफ होई आणि मुले तेवढेच खारे पाणी वर ओतीत. परंतु बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ मागेच राहते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे टाकीत सुरुवातीला ३५०० ग्रॅम क्षार होते. वीस दिवसांत २० लिटर खाऱ्या पाण्याबरोबर आणखी ७०० ग्रॅम आले. आता दर लिटरला किती झाले? ४२ ग्रॅम. वरून गोडे पाणी घालायला हवे होते. हा हिशेब त्या मुलाने माझ्यासमोर स्वतःच केला आणि तो गप्प झाला.

मृदू प्रवाळ हे फूल नव्हे, तो प्राण्यांचा समूह आहे. त्यातील प्रत्येक जीवाला आठ शुंडके असतात. दगडी प्रवाळांसारखा चुन्याचा भक्कम सांगाडा त्यांना नसतो. अंगात चुन्याचे बारीक कण मात्र असतात. उथळ पाण्यातील पुष्कळ जातींच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा अंशभर जरी अधिक तापले व काही आठवडे तसेच राहिले, तरी ही भागीदारी मोडते. शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८ साली लक्षद्वीपच्या समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडले.

एवढ्या मोठ्या समुद्रात जे घडते, ते १०० लिटरच्या टाकीत घडायला किती वेळ लागेल? पाण्यात बुडवलेला २० वॅटचा पंप घ्या. त्याने वापरलेल्या विजेची अखेर उष्णताच होते. २४ तासांत ती सुमारे १७ लाख २८ हजार ज्यूल भरते. ही उष्णता बाहेर गेलीच नाही, असे मानले तर पाणी सुमारे ४ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता बाहेर जाते. पण मे महिन्यात खोलीच तापलेली असेल तर कोठे जाणार? आणि वीज गेली तर पंप थांबतो, पाणी हलत नाही व त्यातील प्राणवायू कमी होऊ लागतो. रात्री तर शैवालही प्राणवायूच वापरते. शिवाय काही मृदू प्रवाळ शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी पाण्यात विषारी द्रव्ये सोडतात. समुद्रात ती विरून जातात, टाकीत साठतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, प्रदर्शनाच्या शोभेसाठी शाळेने प्रवाळ विकत घेऊ नयेत. काही शिक्षक म्हणतील, "जिवंत प्राणी पाहिल्यावाचून मुलांना गोडी कशी लागणार?" हे म्हणणे खोटे नाही. परंतु मरणारा प्राणी पाहून मुले काय शिकतात? प्राणी ही वापरून टाकण्याची वस्तू आहे, एवढेच.

त्याऐवजी असे करून पाहा. टाकीत नुसते खारे पाणी व पंप ठेवा. प्राणी एकही नको. रोज सकाळ-संध्याकाळ तापमान आणि हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व मोजा. २५ अंशांना, त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याच्या तुलनेत, ते १.०२६ च्या आसपास हवे. वही ठेवा, आलेख काढा. परीक्षेच्या दिवसांत, सुट्टीत, वीज गेल्यावर आलेखाचे काय होते ते पाहा. तीन महिने ती रेघ सरळ ठेवता आली, तर प्रवाळाचा विचार जरूर करा. तोही टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाच्या कलमाचा, समुद्रातून तोडून आणलेल्याचा नव्हे. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तेथे गेलात तर डोळे भरून पाहा, पण तुकडाही उचलू नका. दगडी प्रवाळ व समुद्रपंखे यांना तर आपल्या देशात कायद्याचे संरक्षण आहे.

त्या मुलाच्या वर्गाने टाकी मोडली नाही. तिच्यात आता फक्त खारे पाणी आहे. पाहायला फारसे कोणी थांबत नाही, असे तो म्हणाला. पण शेजारी टांगलेल्या आलेखावर रोज दोन ठिपके वाढत आहेत. माझ्या मते, त्या शाळेतील विज्ञानाची खरी सुरुवात तेथे झाली आहे.