शिक्का एका पेटीचा, धोका सबंध रॅकचा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एकेकाळी रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखान्यांचे भोंगे वाजत, त्याच ऐरोली, रबाळे, महापे भागात आज संगणकांच्या माहिती-केंद्रांच्या अवाढव्य इमारती उभ्या आहेत. आत माणसाहून उंच लोखंडी रॅक ओळीने मांडलेले असतात आणि त्यांत सर्व्हरच्या चपट्या, जड पेट्या एकीवर एक बसविलेल्या असतात. त्या उचलणारे, सरकवणारे, वायरी ओढणारे बरेचसे हात कंत्राटी कामगारांचे होत. या हातांच्या सुरक्षिततेची हमी कोणाची, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: पेटीवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे!

हा क्रमांक काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कामगार चळवळीने नीट समजून घ्यावयास हवे.

इलेक्ट्रॉनिक व माहिती-तंत्रज्ञानाच्या मालासाठी सक्तीच्या नोंदणीचा आदेश केंद्र सरकारने २०१२ साली काढला. आदेश योग्यच होता. अंमलबजावणीची मुदत पुढे ढकलली गेली, तरी तो टिकला. चाचण्याही दिखाऊ नाहीत. विद्युत्‌रोधनावर दीड हजार, तीन हजार व्होल्टांचा दाब दिला जातो. पेटीचा धातूचा सांगाडा आणि अर्थिंगचे टोक यांमधील रोध सामान्यतः ०.१ ओहमच्या आत असावा लागतो. पंखा बंद पाडून, हवेची भोके झाकून पेटी किती तापते ते पाहिले जाते. सरकत्या पट्ट्यांवर पूर्ण बाहेर ओढलेल्या पेटीवर भार देऊन ती कोसळत नाही ना, याची खात्री करतात.

परंतु ही सारी परीक्षा एका पेटीची, एका नमुन्याची. नमुना पाठविणार उत्पादक, प्रयोगशाळेचे शुल्क भरणार उत्पादक, आणि मानकाची पूर्तता झाल्याचे घोषित करणारही उत्पादकच. घरातल्या साध्या इस्त्रीला आयएसआयची खूण द्यावयाची तर ब्यूरोचे अधिकारी कारखान्यात जातात. सर्व्हरच्या नोंदणीला त्याची गरज नाही. शिवाय वजनाने भारी किंवा तीन फेजवर चालणाऱ्या, पण संख्येने थोड्या अशा ‘अतिविशिष्ट’ यंत्रांना सूट देण्याची तरतूदही करून ठेवली गेली. म्हणजे जे यंत्र अंगावर पडले असता माणूस उठणार नाही, नेमक्या त्याच्यासाठी पळवाट!

खरा प्रश्न याही पुढचा आहे. अर्थिंगच्या तारेतून प्रत्येक पेटीचा थोडा प्रवाह गळतच असतो. स्पर्शातून वाहू शकणाऱ्या अशा प्रवाहाची मर्यादा या जातीच्या उपकरणाला साधारण ३.५ मिलिअँपिअर आहे. एका पेटीपुरती ती ठीक. पण एकाच फेजवर वीस पेट्या जोडल्या आणि प्रत्येकीने केवळ दोन मिलिअँपिअर गळविले, तरी बेरीज ४० होते. माणूस वाचविण्यासाठी बसविलेला अर्थ लीकेज ब्रेकर ३० मिलिअँपिअरला तुटतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. सर्व पेट्यांना सामाईक असलेली अर्थिंगची एकच तार सैल झाली, तर प्रत्येक पेटी नियमात बसूनही सबंध रॅक शॉक देऊ लागेल. तशा रॅकला प्रथम हात लागतो तो कंत्राटी पोराचा.

मानक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नाही असे नव्हे. रॅकमधील वाढते तापमान, अडलेली हवा, असमान वजन, वीजवाहिनीवरचा अतिभार आणि भरवशाचे अर्थिंग या पाच गोष्टींचे इशारे उत्पादकांच्या पुस्तिकांत नेमाने छापलेले असतात. पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि खोक्याबरोबर भंगारात जाते. उत्पादकाची जबाबदारी मात्र तेथे संपते!

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील विजेच्या आगीची धास्ती विमा कंपन्यांनी घेतली, आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेत अंडररायटर्स लॅबोरेटरीजचा पाया घातला गेला. प्रमाणीकरणाचा जन्म असा मालमत्तेच्या काळजीतून झाला. आपल्याकडेही १९८७ साली १९४८ च्या कारखाना कायद्यात स्पष्टीकरण घातले गेले, की जेथे उत्पादनप्रक्रिया चालत नाही अशी जागा केवळ संगणक बसविल्याने कारखाना ठरणार नाही. तेव्हा डोळ्यांसमोर चार टेबलांची कचेरी असेल. मेगावॉटनी वीज खाणाऱ्या इमारती नव्हत्या. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

माहिती-केंद्रांतील कामगारांना संघटित करू पाहणाऱ्यांनी मागणीपत्रात वेतनाच्या जोडीला हेही कलम घालावे: रॅक भरून झाल्यावर, आणि नवी पेटी चढविल्यावर दर वेळी, त्याच जागी अर्थिंगचा रोध व एकूण गळतीचा प्रवाह मोजावा, तो आकडा तारखेसह रॅकच्या दारावर मराठीत व हिंदीत लावावा, आणि एका वेळी एकच पेटी बाहेर ओढावी, जड पेटी दोघांनी उचलावी, हा नियम मोडण्याची घाई करणाऱ्या मुकादमाला नव्हे, तर मूळ मालकाला जबाबदार धरावे. मोजणीला लागणारे यंत्र एका माणसाच्या हातात मावते.