‘येत नाही’ आणि ‘होत नाही’

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची गंमत आपण मुलांना सांगतो. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा. ३५२४ तीन पायऱ्यांत ६१७४ वर येते. सातांहून जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. पण प्रत्येक रीत अशी संपते का? कोणतीही रीत संपेल की नाही, हे आधीच ठरवणारी एकच पद्धत असूच शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केले.

सुरतेतील आपल्या वर्गांत मात्र उत्तर आले नाही की भोपळा! ‘येत नाही’ला जरूर द्यावा, पण ‘हे होतच नाही’ असे कारणासह पटवणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळावेत, असे आम्हांला वाटते.