स्लीमनाबादचा दिवा

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलात, तर एका स्टेशनाची पाटी नक्की लक्षात राहील. स्लीमनाबाद रोड! नाव इंग्रजाचं, शेपूट फारसी आणि मुलूख अस्सल महाकोशलातला. हा स्लीमन म्हणजे ठगांचा कर्दनकाळ, एवढं आपण कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पण गावकरी या नावाची जी गोष्ट सांगतात, तिच्यात ठग नाहीत. एक बाळ आहे.

विल्यम हेन्री स्लीमन १७८८ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात जन्मला. वडील अबकारी खात्यात होते. १८०९ मध्ये तो कंपनी सरकारच्या बंगाल फौजेत कॅडेट म्हणून हिंदुस्थानात आला. १८१४ ते १६ च्या नेपाळ युद्धात लढला. तिथे ताप अंगात शिरला, त्याने पुढे जन्मभर त्याची पाठ सोडली नाही. १८१७-१८ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा पाडाव झाला आणि जबलपूरसकट सागर-नर्मदा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८२० मध्ये स्लीमन तिथे मुलकी कारभार पाहू लागला. हुद्दा मात्र फौजेतलाच राहिला.

चाळिशीपर्यंत गडी एकटाच होता. १८२९ च्या जूनमध्ये जबलपुरातच त्याचं लग्न झालं. वधू अमेली, फ्रेंच सरदार घराण्यातली, वयाने त्याच्या निम्मी. लग्नानंतर तीन वर्षं उलटली तरी पाळणा हलेना. तेव्हा कोहका गावच्या लोकांनी साहेबाला देवळात नवस बोलायला लावलं, असं सांगतात. १८३३ च्या जानेवारीत मुलगा झाला. साहेबाने देवळाला दिवा दिला, गावकऱ्यांना जमीन दिली आणि तिथली वस्ती पुढे त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. नवसाचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. गाव आहे, हे खरं!

पण मला या गोष्टीच्या शेजारी दुसरी एक गोष्ट नेहमी आठवते. फिरंगिया नावाचा एक नामांकित ठग होता. जन्माने ब्राह्मण, दिसायला देखणा, बोलणं आर्जवी. शिंद्यांच्या पेराँ या फ्रेंच सेनापतीच्या फौजेने त्याच्या घरच्यांचं गाव जाळलं, त्याच धामधुमीत आई बाळंत झाली, म्हणून नाव पडलं फिरंगिया. तो काही केल्या हाती लागेना. तेव्हा १८३० च्या अखेरीस स्लीमनने त्याची आई, बायको आणि मूल यांनाच धरून आणलं. हा माणूस त्यांना सोडून फार लांब जाणार नाही, असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर ठरला. थोड्याच दिवसांत फिरंगिया पकडला गेला.

त्या वेळी स्लीमनच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. घरच्या ओढीची ताकद त्याला चांगलीच कळत असणार. म्हणूनच तर त्याने ती वापरली.

फिरंगिया माफीचा साक्षीदार झाला. सालोहड्याच्या आमराईत मुक्काम असताना त्याने साहेबाच्या तंबूच्या आसपासची जमीन खणायला लावली, तर खरोखरच प्रेतं निघाली. यात्रेकरू, सुट्टीवर घरी निघालेले शिपाई, व्यापारी. घरची माणसं वाटेकडे डोळे लावून बसलेली आणि हे रुमालाच्या फासाने संपलेले! त्या घरांचाही विचार करायला हवा. १८२६ ते ३५ या काळात चौदाशेहून अधिक ठगांना फाशी किंवा जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १८३६ च्या कायद्याने तर नुसतं ठगांच्या टोळीत असणं हाही जन्मठेपेचा गुन्हा ठरला. बहुतेक पुरावा माफीच्या साक्षीदारांच्या तोंडचा. त्यात किती निरपराध भरडले गेले असतील, ही शंका आजच्या इतिहासकारांनी घेतली आहे आणि ती मला रास्त वाटते.

साक्षीदारांचा जीव वाचला, पण सुटका झाली नाही. जबलपुरात त्यांच्यासाठी कारखाना निघाला. ज्या हातांनी फास आवळले, ते हात तंबू शिवू लागले, सतरंज्या विणू लागले. बायकामुलांनाही तिथेच पहाऱ्यात वसवलं. ज्या पोरांनी काही केलं नव्हतं, तीही त्याच आवारात वाढली.

साहेबाचं स्वतःचं घर तरी कुठे होतं? प्रकृतीसाठी नर्मदेकाठाहून हिमालयाकडे जाताना त्याने बहिणीला उद्देशून जे लिहिलं, त्याचं १८४४ मध्ये पुस्तक झालं. त्यात देवरीचे रामचंद्रराव भेटतात. लोक त्यांना श्रीमंत म्हणत, साहेबाच्या लेखणीत त्यांचं ‘सरीमंत’ झालं! पुढे स्लीमन ग्वाल्हेरला आणि मग लखनौला रेसिडेंट झाला. १८५६ मध्ये अखेर तो मायदेशी निघाला, तेव्हा हिंदुस्थानात येऊन सत्तेचाळीस वर्षं होत आली होती. १० फेब्रुवारीला सिलोनजवळ बोटीवरच त्याचा अंत झाला. त्याला ‘सर’ किताब मंजूर होऊन सहाच दिवस झाले होते.