मुंबई दाखवायची, तर मुंबईच दाखवा



नाताळची सुट्टी जवळ आली की मुंबईकर गंगापूर रोडच्या द्राक्षमळ्यांकडे आणि त्र्यंबकेश्वराकडे येऊ लागतात, आणि त्याच आठवड्यात आपण नाशिककर मुलाबाळांना घेऊन मुंबईकडे निघतो. येणाऱ्यांच्या गर्दीवर, त्यांच्या गाड्यांवर, हॉटेलांच्या वाढलेल्या दरांवर वर्तमानपत्रांत भरपूर छापून येते. जाणाऱ्यांबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. आपण मुलांना मुंबईला नेतो, पण मुंबई दाखवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मांडण्यासाठी हे पत्र.

बहुतेक घरांचा बेत ठरलेला असतो. पहाटे गाडी काढायची. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो आणि मुंबई हाकेच्या अंतरावर आल्यासारखी वाटते. पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी जागच्या जागी आहे, आणि सुट्टीत दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा शोधणे हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. निम्मा दिवस गाडीत जातो. मग सोय म्हणून एखादा मॉल गाठला जातो. तिथली दुकाने आपल्या कॉलेज रोडवरही आहेत. संध्याकाळी गेटवेसमोर गर्दीत एक फोटो, आणि परत. यात आईवडिलांचा पैसा जातो, दमणूक होते आणि मुलाच्या पदरात काही पडत नाही. याचे मला खरोखर वाईट वाटते.

याला साधा पर्याय १९७५ पासून आपल्या दारात उभा आहे. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघते, अकराच्या आत सीएसएमटीला पोहोचवते आणि सायंकाळी सहानंतर परत घेऊन येते. मुलांसाठी सहल गाडीतच सुरू होते. येताना कसाऱ्याला गाडीला जादा इंजिने जोडतात, कारण थळ घाटाचा, म्हणजे कसारा घाटाचा, चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. हा लोहमार्ग १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला आला. मोटारीच्या मागच्या सीटवर मोबाइल बघत बसलेल्या मुलाला यातले काही कळत नाही.

आणि उतरल्यावर? ज्या इमारतीत आपण उतरतो, तीच जागतिक वारसा आहे. युनेस्कोने २००४ मध्ये तिची नोंद केली. तिथून हुतात्मा चौक, उच्च न्यायालय, ओव्हल मैदान, वस्तुसंग्रहालय आणि गेटवे हा सगळा टापू जेमतेम अडीच-तीन किलोमीटरचा. डिसेंबरच्या हवेत तो पायी सहज होतो. ओव्हलच्या एका अंगाला गॉथिक इमारती, समोर आर्ट डेको. या दोन्हींना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हे पाहायला तिकीट लागत नाही.

पण नाशिकच्या मुलाने हा भाग पाहावा, असे म्हणण्यामागे माझे खरे कारण दुसरेच आहे. या मुंबईत जागोजागी नाशिक आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरल्यावर मधल्या दालनात मान वर करा. तिथली कोरीव लाकडी कमानींची रांग नाशिकच्या एका वाड्यातली आहे. ती लिलावात विकत घेऊन वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या या इमारतीत बसवली गेली. आपल्या गावातले वाडे एकामागून एक पडताना पाहणाऱ्या मुलाला ते लाकूड दाखवणे मला फार महत्त्वाचे वाटते.

तिथून थोड्या अंतरावर उच्च न्यायालयाची १८७८ ची इमारत आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तो खटला मुंबईला चालला, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात भगूरच्या सावरकरांना नाशिक कटाच्या खटल्यात जन्मठेपेची शिक्षा झाली तीही मुंबईलाच. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिले ते ठाण्याच्या तुरुंगात, आणि पंचवटी ठाण्यावरूनच जाते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके जे. जे. कलाशाळेत शिकले, ती सीएसएमटीला लागूनच आहे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लागला. शाळेत हे धडे म्हणून पाठ करणाऱ्या मुलांना त्या जागेवर कोणी उभे करीत नाही.

मुले कंटाळतात, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. एका दिवसात एलिफंटा, राणीची बाग, जुहू आणि मॉल कोंबले तर मोठी माणसेही कंटाळतील. एका फेरीत एकच भाग घ्यावा. वस्तुसंग्रहालयात प्राण्यापक्ष्यांचे दालन आहे, २०१९ पासून मुलांसाठी वेगळे संग्रहालयही आहे. लहानांचे दोन तास तिथे छान जातात. दुसरी अडचण आरक्षणाची, आणि ती खरी आहे. ज्यांच्याबरोबर वृद्ध माणसे आहेत त्यांनी गाडी न्यावी, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. बाकीच्यांनी साठ दिवस आधी, म्हणजे ऑक्टोबर अखेरीलाच तिकिटे काढावीत, ३१ डिसेंबर टाळावा आणि सुट्टीतला मधला वार निवडावा. रेल्वेनेही या आठवड्यापुरते पंचवटीला जादा डबे जोडावेत. नाहीतर रोजच्या पासधारकांवर आपण अन्याय करू.

शाळांबद्दल मात्र मला कठोर बोलावे लागेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सहलींचा हंगाम. शालेय सहलींना एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते. सार्वजनिक पैशातून मिळणारी ही सवलत घेऊन कित्येक शाळा मुलांना वॉटरपार्कला नेतात. मुलांनी पाण्यात खेळू नये असे मी म्हणत नाही. पण ती मौज आईवडील कधीही देऊ शकतात. वर्गासोबत, शिकवणाऱ्या बाईंबरोबर शहर पाहणे त्यांना एरवी कुठे मिळणार?

त्यातही इगतपुरी आणि त्र्यंबक तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांचा विचार आधी व्हायला हवा. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी अप्पर वैतरणा इगतपुरी तालुक्यात आहे. ज्या डोंगरांचे पाणी मुंबई रोज पिते, तिथल्या मुलांना मुंबई दाखवण्याचा खर्च मुंबई महापालिकेने उचलला तर तो उपकार ठरणार नाही, ती रास्त परतफेड होईल. लंडनमधली राष्ट्रीय संग्रहालये २००१ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहेत. आपल्याला निदान धरणाकाठच्या एका इयत्तेपासून सुरुवात करता येईल.

नाशिक जिल्हा परिषदेने दर डिसेंबरात या दोन तालुक्यांतली आठवी इयत्ता मुंबईला नेण्याचा प्रस्ताव करावा आणि तो मुंबई महापालिकेपुढे ठेवावा. शहरातल्या मुख्याध्यापकांनी यंदाचा सहलीचा अर्ज एसटी आगारात देताना ठिकाणाच्या रकान्यात वस्तुसंग्रहालय लिहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त शिक्षक, नाशिकरोड