ई-हक्क अर्ज आणि हातांतील पोंच

वारसाची नोंद, बोजा चढविणें वा उतरविणें, अज्ञान पालनकर्त्याचें नांव कमी करणें इत्यादि अर्ज आतां चावडीवर न जातां सरकारच्या 'ई-हक्क' प्रणालींतून देतां येतात. आमचें उभें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यानें, शेतकऱ्याचे हेलपाटे वांचले याचा आम्हांस खरोखर संतोष वाटतो. परंतु अर्ज गेला म्हणजे नोंद झाली, हा समज मात्र घातक आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४९ अन्वयें वारसा, वांटणी इत्यादींनीं हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांचे आंत तलाठ्यास तोंडी किंवा लेखी वर्दी द्यावयाची व तलाठ्यानें तत्काळ लेखी पोंच द्यावयाची असते. पुढें कलम १५० प्रमाणें फेरफाराची नक्कल चावडींत लागते, हितसंबंधी इसमांस सूचना जाते, आणि हरकतींचा विचार होऊन मगच नोंद प्रमाणित होते. यंत्रानें पहिली पायरी सोपी केली. पुढच्या पायऱ्या कायम आहेत. शिवाय प्रमाणित नोंद, तिच्या विरुद्ध शाबीत होईपर्यंत, कलम १५७ अन्वयें खरी मानली जाते. म्हणून चूक आधींच पकडली पाहिजे.

अर्ज पुष्कळदां दुसऱ्याच्या हातून भरला जातो. भरणारानें आपलाच मोबाइल क्रमांक घातला, तर त्रुटीचा निरोप खातेदारास कळावयाचा कसा? वारसांच्या यादींतून बहिणीचें नांव गाळणें तर त्याहून वाईट. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे. तेव्हां अर्ज स्वतः वाचावा, क्रमांक आपला द्यावा, अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा, आणि फेरफार प्रमाणित झाला कीं नाहीं हें सात-बारावर पाहावें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कायद्यांतील 'तोंडी' हा शब्द कोणी खोडलेला नाहीं. निरक्षर विधवा वर्दी घेऊन आली असतां, "ऑनलाइन भरून या" म्हणून तिला परत पाठविणें कायद्यास धरून नाहीं. तिची वर्दी तेथेंच घ्यावी व पोंच तिच्या हातीं द्यावी. आपल्या मंडळानें तहसीलदारांकडे ही मागणी लावून धरावी, आणि साक्षर शेतकरी बंधूंनीं अशा खातेदाराबरोबर स्वतः दप्तरापर्यंत जावें, अशी आमची विनंति आहे.