पित्ताशयाचं ऑपरेशन

आमच्या समाजात पित्ताशयाची ऑपरेशनं फार होतात. निदान सांगितलं तरी तसं जातं. बाई पंधरा दिवस मंदिरात दिसत नाही. मग येते ती हळूहळू चालत. सहा महिन्यांत ब्लाउज दोनदा आत घेतलेले असतात आणि वर्षभरात गालफडं बसलेली. कुणी विचारलं, तर उत्तर तयार, "अहो, पित्ताशयात खडे झाले होते." आम्ही सगळ्या माना डोलावतो. खरं काय ते निम्म्या जणींना माहीत असतं, पण बोलत कुणीच नाही.

मीसुद्धा तीन वर्षं हेच सांगत होते. 2015 च्या हिवाळ्यात माझी बायपास झाली. हृदयाची नव्हे, जठराची. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते, वजन 112 किलो, साखर वाढलेली, गुडघे गेलेले. जुन्या इंदुरातल्या आमच्या घराचा जिना चढायला मला मध्ये दोनदा थांबावं लागायचं. ऑपरेशनचं खरं फक्त यांना आणि मुलाला ठाऊक होतं. सासूबाईंना, जाऊबाईंना, मंदिरातल्या मैत्रिणींना पित्ताशय.

हे आज लिहायचं कारण असं की, गेल्या महिन्यात ओळखीतल्या एक बाई मुलीची फाईल पिशवीत लपवून माझ्याकडे आल्या. मुलगी सत्तावीस वर्षांची, आठ महिन्यांपूर्वी तिचीही हीच शस्त्रक्रिया झालेली. लग्न ठरलंय. आई म्हणाली, "ताई, सासरी सांगायचं नाही एवढं आमचं पक्कं ठरलंय. तुम्ही फक्त जैन चालतील अशा गोळ्या कुठल्या ते लिहून द्या." मुलगी खाली मान घालून बसली होती. मी गोळ्यांची नावं लिहून दिली. आणि त्या गेल्यावर मला माझाच राग आला. त्या चिठ्ठीवर जे लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही, ते इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं म्हणजे संपलं. ऑपरेशन दोन-तीन तासांचं असतं. उरलेलं सगळं आयुष्य स्वयंपाकघरात काढायचं असतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात आणि आतडं वळवून थेट तिला जोडतात. अन्न बाकीच्या जठरात आणि आतड्याच्या पहिल्या भागात जातच नाही. पण लोह आणि कॅल्शियम शोषून घेण्याचं मोठं काम त्याच भागात होतं. बी-12 पचायला जठरातला जो रस लागतो, तोही अन्नाला नीट भेटत नाही. म्हणून लोह, कॅल्शियम, बी-12, ड जीवनसत्त्व, हे सगळं जन्मभर बाहेरून घ्यावं लागतं. महिनाभर किंवा वर्षभर नव्हे, जन्मभर. शिवाय ठरावीक काळानं रक्त तपासायचं. डोकं दुखलं, कंबर दुखली म्हणून घरातल्या डब्यातली कुठलीही वेदनाशामक गोळी तोंडात टाकायची नाही, नव्या जोडावर अल्सर होतो. आता सांगा, ज्या घरात ऑपरेशनच माहीत नाही, त्या घरात "ही गोळी मला चालत नाही" हे बाई कोणत्या तोंडानं सांगणार?

दुसरी गोष्ट आपल्या ताटाची. प्रथिनं रोज साठ ग्रॅम तरी पोटात जायला हवीत. आपल्याला अंडं नाही, मांस नाही. उरतं दूध, दही, पनीर, मूग, सोयाबीन. त्यात द्विदल नको म्हणून दह्याची बेसन लावलेली कढी बाद. कॅप्सूलचं वरचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्याच्या हाडा-कातड्याचं, म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालून गोळ्या शोधायच्या. आणि सगळ्यात अवघड सूर्यास्त. डिसेंबरात इंदुरात सातच्या आसपास उजाडतं आणि पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हाती येतात पावणेअकरा तास. तेवढ्यात सहा वेळा थोडं थोडं खायचं. प्रत्येक खाण्याला अर्धा तास, कारण घास चावून चावून पातळ करावा लागतो. खाल्ल्यावर अर्धा तास पाणी नाही. झाले सहा तास. उरलेल्या पावणेपाच तासांत दीड-दोन लिटर पाणी, तेही घोट घोट, कारण घटाघट पिता येत नाही. हा हिशेब मी कित्येक हिवाळे वहीत मांडलाय. तो बसत नाही. शेवटी हिवाळ्यात सूर्यास्तानंतर पाण्याची आणि गोळीची सूट मी स्वतःला दिली. त्यावरून काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

ही सूट घ्यायला मला तीन वर्षं लागली आणि त्या तीन वर्षांची किंमत शरीरानं मोजली. 2018 च्या पर्युषणात मी दहा दिवस एकाशन केलं. जाऊबाईंनी विचारलं होतं, "यंदाही नाही का काही? आता तर तब्येत छान झालीय." नाही म्हणायला कारण हवं. पित्ताशयाच्या ऑपरेशनला तीन वर्षं झालेली बाई एकाशन का करू शकत नाही? मी केलं. दिवसातून एकदा पानावर बसायचं आणि चार घासांत पोट भरायचं. गोळ्याही त्या दहा दिवसांत बंद, कारण घेताना कुणी पाहिलं तर? त्याआधीही लपूनछपून घेताना निम्म्या चुकलेल्याच होत्या. अनंत चतुर्दशीला अभिषेकाच्या गर्दीत मी कोसळले. हिमोग्लोबिन 7.2 निघालं. बी-12 इतकं खाली गेलं होतं की पायाच्या बोटांना महिनोन्महिने मुंग्या येत होत्या आणि मी त्या गुडघ्याच्या खात्यावर टाकत होते. शिरेतून लोह चढवावं लागलं. खाटेशेजारी सासूबाई बसल्या होत्या. तिथे मी त्यांना खरं सांगितलं.

त्या रागावल्या. ऑपरेशन केलं म्हणून नव्हे. त्या म्हणाल्या, "तीन वर्षं मी तुला बळंबळं शिरा वाढत होते गं, आणि तू आत जाऊन ओकत होतीस. मला पापात घातलंस." त्यांचं खरं होतं. बायपासवाल्या पोटात गोड एकदम गेलं की छाती धडधडते, घाम फुटतो, आडवं पडावं लागतं. मी प्रत्येक सणाला ते सोसलं आणि त्याला पित्त म्हटलं.

आता आग्रहाबद्दल. आपल्या इंदुरात सकाळी पोहे-जिलेबी, आणि रात्री सराफ्यात काय नाही ते विचारा. रात्रिभोजनाचा त्याग केलेल्या घरांतली तरुण मंडळीही तिथे उभी दिसतात, मी पाहिलीत. खाऊ घालण्यात आपलं प्रेम आहे, हे मला मान्य. पण "माझी शपथ, एवढा एकच घे" हे प्रेम कसलं? ती जबरदस्ती आहे. आपण पाण्यातल्या जिवाची काळजी करतो, गाळून पितो. समोर ताटावर बसलेला जीव नको म्हणतोय, ते मात्र आपल्याला ऐकू येत नाही. पंक्तीत कुणी नको म्हटलं तर वाढणारीनं पुढं सरकावं. कारण विचारू नये. एवढं जरी आपण पाळलं, तरी निम्म्या जणींना खोटं बोलावं लागणार नाही.

"शॉर्टकट घेतला" असं म्हणणाऱ्यांनाही उत्तर द्यायचंय. माझा बॉडी मास इंडेक्स 46 च्या वर होता. विमा नियामक प्राधिकरणानं 2019 साली आरोग्य विम्याचे जे नियम केले, त्यातही 40 किंवा जास्त, अथवा गंभीर आजार असतील तर 35, ही या शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी एक अट आहे. म्हणजे पैसा हातून सुटू न देणाऱ्यांनीही याला हौस मानलेलं नाही. आणि धर्माचं म्हणाल, तर तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपं सांगितलीत. पहिलं अनशन. दुसरं अवमौदर्य, भुकेपेक्षा कमी खाणं. पहिल्याचा आपण सत्कार करतो, मिरवणूक काढतो, पेपरात फोटो देतो. दुसऱ्याला कुणी हार घालत नाही, कारण ते दिसत नाही आणि ते दहा दिवसांत संपतही नाही. माझं अवमौदर्य डॉक्टरांच्या सुरीनं सुरू झालं हे कबूल. पण दहा वर्षं ते टिकवलंय ते मी. सोळाकारण भावनांमध्ये शक्तितस्तप आहे. त्यात शक्तीचा शब्द आधी येतो, तपाचा नंतर. हे आपण व्याख्यानात ऐकतो आणि घरी येऊन अशक्त बाईला विचारतो, "यंदा किती उपवास?"

तिसरी गोष्ट परत वाढणाऱ्या वजनाची, कारण सगळ्यात जास्त लाज तिथे वाटते. माझं वजन दीड वर्षात 74 वर आलं. आज 82 आहे. मंदिरात कुजबूज होते, "सुटली पुन्हा." स्वीडनमध्ये 1987 पासून अशा रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परत येतंच. भूक परत येते, पिशवी थोडी सैलावते, वय वाढतं. माझा हिशेब केला तर 34 टक्क्यांवरून 27 वर आलाय. मी नापास झालेली नाही. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये मृत्यूही कमी आढळले. पण ज्या बाईनं लपवलंय, ती पाच किलो वाढले की डॉक्टरांकडे जायचं सोडते. ओरडा बसेल, लोक हसतील, पुन्हा काय सांगायचं. मग पाचाचे पंधरा होतात. तपासणी चुकते, गोळ्या सुटतात. आहारतज्ज्ञाकडे जायची खरी गरज असते तेव्हाच ती घरात बसते.

2011 साली नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना त्यांची वजनाची शस्त्रक्रिया झाली. पेपरात आलं, लोकांनी वाचलं, कुणी त्यांना पित्ताशय विचारलं नाही. पुरुषाचं ऑपरेशन म्हणजे तब्येतीची काळजी आणि बाईचं म्हणजे चारित्र्यातली खोट, हे गणित आपण बायकांनीच जपून ठेवलंय.

गंमत बघा, वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खरोखरच खडे होतात, आणि कित्येकींना ते ऑपरेशनही करावं लागतं. मलाही लागलं, 2017 मध्ये. तेव्हा सांगायला माझ्याकडे कारणच उरलं नव्हतं. मी माहेरी कारंज्याला जातेय असं सांगून दवाखान्यात दाखल झाले.

तर त्या मुलीच्या आईला उद्देशून. वहिनी, तुमच्या मुलीच्या ऑपरेशनला आठच महिने झालेत. या शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत, असं डॉक्टर सांगतात. वजन उतरत असतं, अंगात साठा नसतो, त्याचा त्रास आईला आणि बाळाला, दोघांनाही. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यापासून सासू विचारायला लागेल, "काही बातमी?" तेव्हा तुमची मुलगी काय सांगणार? दिवस गेल्यावर तिच्या रक्तातलं लोह, बी-12 वरचेवर पाहावं लागेल. दवाखान्यात सोबत बसलेल्या सासूसमोर ती डॉक्टरांना खरा इतिहास सांगेल की पित्ताशय सांगेल? आणि साखरेच्या तपासणीसाठी ग्लुकोजचं पाणी प्यायला लावतात, ते बायपासवाल्या पोटाला सोसत नाही. डॉक्टरांना माहीत असलं तर ते दुसरा मार्ग काढतात. माहीतच नसलं तर काय?

मुलाकडच्यांना आधी सांगा. मुलीलाच सांगू द्या, मुलाला समोर बसवून. त्यांनी मोडलं तर मोडू दे. मोडणारं घर तिला रोज सहा वेळा जेवू देणारं नव्हतंच. आणि पत्करलं, तर त्या घरातली सासू पहिल्या दिवसापासून तिची वाटी वेगळी काढेल. माझ्या सासूबाई जाईपर्यंत काढत होत्या. मुगाचं एक धिरडं आणि पनीरचे दोन तुकडे, वर झाकण. कुणी आग्रह करायला लागलं की त्याच म्हणायच्या, "तिला नको वाढू, तिचं पोट ऑपरेशनचं आहे." भर पंक्तीत, मोठ्यानं.

त्या दिवशी मी चिठ्ठीवर फक्त गोळ्यांची नावं लिहिली होती. वहिनी, मुलीला घेऊन पुन्हा या. जावयांनाही आणा.