पातेगळीचा इलाज बाटलीत नाही



श्रावणात आठ दिवस आभाळ लागले, की पऱ्हाटीखाली पात्यांचा सडा पडतो. माणूस घाबरून दुकानात जातो, टॉनिकची बाटली आणतो. उघडीप पडली की गळ आपोआप कमी होते, नाव मात्र बाटलीचे होते. कृषी पदवी घेऊन मीही काही वर्षे हीच शिफारस केली आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

झाडाचा हिशेब आपल्या घरासारखाच. पान दिवसा उन्हात साखर करते. काही लगेच खर्चते, काही पिष्ट म्हणून पानातच ठेवते. रात्री ते पिष्ट मोडून त्यावर झाड गुजराण करते. शिल्लक किती, याची खबर झाडाला असते. 2013 साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावर दाखवले, की ट्रेहॅलोज-6-फॉस्फेट नावाचा साखरेचा एक अंश ही खबर देतो. तो कमी केला, तर दिवस हवा तेवढा मोठा असूनही रोप फुलावर यायला फार उशीर करते.

आपल्या कपाशीची अडचण फूल येण्याची नाही, टिकण्याची आहे. ढगाळ हवेत साखर कमी पडते, पाणी साचले की मुळ्या गुदमरतात, आणि पोसवत नाही तेवढा भार झाड टाकून देते. चांगल्या वर्षीही निम्म्याहून अधिक पाती-बोंडे गळतातच. (अळीने पोखरलेले पाते वेगळे. ते फोडून पाहा.) रब्बी ज्वारीत दाणा भरताना ओल तुटली, की ताटातली साठवण कणसाकडे ओढली जाते. ताट कमजोर होते, खडखड्या शिरतो आणि उभे पीक लोळते.

आता युरिया. 1918 साली अमेरिकेत क्राउस आणि क्रेबिल यांनी टोमॅटोवर पाहिले, की नत्र भरपूर आणि साखर-पिष्ट थोडे असले तर झाड माजते, फळ धरत नाही. सगळ्याच पिकांच्या फुलोऱ्याला त्यांचे गणित लागू पडले नाही, पण युरियाने माजलेली पऱ्हाटी आपण दर साल बघतो. हा माज शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा म्हणायचा का? ऑगस्ट 1992 मध्ये सरकारने स्फुरद-पालाशची खते नियंत्रणमुक्त केली, युरिया तेवढा स्वस्त ठेवला. 2010 च्या पोषणावर आधारित अनुदानातूनही युरिया बाहेरच राहिला. जे स्वस्त ते पडणारच! साखर पानातून बोंडापर्यंत न्यायला पालाश लागते. काळ्या जमिनीत ते बहुधा असते, पण माती तपासल्याशिवाय कोण सांगणार?

माझे मत सरळ आहे. अनुदान युरियाच्या गोणीवर नको, एकरी रोख द्या; काय घ्यायचे ते आम्ही ठरवू. पाते गळायला लागले तर आधी चर काढून पाणी बाहेर काढा, युरियाचा हप्ता थांबवा, उघडिपीची वाट पाहा. आणि जिल्हा बैठकीला येताना गेल्या हंगामातल्या टॉनिकच्या पावत्या आणा. गावागावाने या बाटल्यांवर किती पैसा घातला, याची बेरीज तिथेच मांडू.